जुलै आला की टेरेन बोर्डाचे कोपरे का उचलतात, आणि ते कायमचं कसं थांबवायचं

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. टेरेन बोर्ड म्हणजे टेबलावरच्या खेळासाठी फोमच्या टेकड्या, नद्या, मैदानं चढवलेली फळी. एप्रिल-मेमध्ये बनवलेला दोन बाय दोन फुटांचा असा बोर्ड उन्हाळाभर टेबलावर छान सपाट बसतो. पावसाची झड लागली की आठ-दहा दिवसांत चारही कोपरे वर येतात आणि मध्यभाग वाटीसारखा खोल होतो. चार बोर्ड जोडून नकाशा मांडला की मधोमध, जिथे चार कोपरे भेटतात, तिथे उंचवटा होतो. नदी एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाताना पायरी चढते. २५ मिमी बेसवरची मिनिएचर, म्हणजे खेळातली छोटी मूर्ती, डुगडुगायला लागते. वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला तर दोन दिवस बोर्ड सरळ राहतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तसाच.

वजन ठेवून हे जात नाही, कारण वजनामुळे वाकण्याचं कारण जात नाही. कारण आहे बोर्डाच्या दोन बाजूंतला फरक. वर फोम, फेव्हिकॉल, वाळू, रंग आणि वार्निश असे पाच थर, आणि खाली कोरं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. हवा दमट झाली की खालची बाजू पाणी पिते आणि लांबते. वरची बाजू बंद असल्यामुळे आहे तेवढीच राहते. दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे लांब झालेली बाजू बाहेरून वळते आणि कोपरे वर येतात.

फरक किती लागतो ते बघा. ६१० मिमी लांबीच्या, ६ मिमी जाडीच्या बोर्डाची खालची बाजू वरच्यापेक्षा फक्त ०.६ मिमी लांब झाली, तर मध्यभागी जवळजवळ ८ मिमी खोलगटपणा येतो. हजारात एक भाग एवढीच वाढ, पण जाडी कमी असल्यामुळे ती अशी डोळ्यांत भरते. तेवढाच फरक १२ मिमी बोर्डात पडला तर खोलगटपणा ४ मिमीच्या आसपास राहतो. म्हणून जाड बोर्ड घेतल्याने त्रास निम्मा होतो, संपत नाही.

सुतार हे फार पूर्वीपासून जाणतात. दाराच्या एकाच बाजूला सनमायका लावला आणि दुसरी बाजू उघडी ठेवली तर दार वाकतं, म्हणून मागे हलक्या प्रतीचा का होईना, पण लॅमिनेट लावतातच. टेरेन बोर्ड हे आडवं ठेवलेलं दारच समजा. मागची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून ती सोडून दिली जाते, आणि सगळा बिघाड तिथूनच सुरू होतो.

इंदूरच्या हवेत हे जास्त जाणवतं. मुंबईची हवा बारा महिने कमी-जास्त दमट असते, त्यामुळे तिथल्या बोर्डाला एवढा मोठा हेलकावा सोसावा लागत नाही. माळव्यात मेमधली हवा कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये लाकडी दारं चौकटीत अडकतात. त्यातून उन्हाळ्यात कूलर. कूलर म्हणजे खोलीत ओली हवा सोडणारं यंत्र. अर्धवट सुकलेला बोर्ड कूलरच्या झोतासमोर ठेवला तर मेमध्येही जुलै अनुभवता येतो. बोर्ड सुकवायचा तो पंख्याखाली आणि कूलर नसलेल्या खोलीत.

आधी वाकण्याचा प्रकार ओळखा

दोन फुटी स्टीलची पट्टी घ्या. बोर्डाच्या उघड्या मागच्या बाजूवर ती आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि फट कुठे आहे ते बघा. डोळ्यांनी अंदाज करू नका, फोमच्या टेकड्या नजरेला फसवतात.

वाटी म्हणजे कोपरे वर, मध्य खाली. हा सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार, आणि याची कारणं दोन आहेत. बोर्ड महिना-दोन महिने सरळ होता आणि पावसात वाकला, तर मागची कोरी बाजू ओल पितेय. वाळू चिकटवल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वाकला, तर वरचा फेव्हिकॉलचा थर सुकताना आकसून बोर्डाला ओढतोय. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत, म्हणून तारीख आठवणं महत्त्वाचं. बोर्डाच्या मागे पेन्सिलीने कामाच्या तारखा लिहून ठेवायची सवय इथे उपयोगी पडते.

घुमट म्हणजे मध्य वर, कोपरे खाली. पातळ फेव्हिकॉल ओतल्यावर तासा-दोन तासांत असं होतं, कारण वरच्या बाजूने पाणी प्यायलेलं असतं. यात हात लावू नका. सुकताना तो आपोआप उतरतो, आणि पाणी फार झालं असेल तर सरळ रेषा ओलांडून उद्या वाटी होतो.

पीळ म्हणजे तीन कोपरे टेबलावर टेकतात आणि चौथा बोटाने दाबला की टकटक करतो. एका कोपऱ्यात मोठा कडा आणि बाकी मैदान, अशा बोर्डांना हा हमखास येतो. इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्यासारखा कातळकडा करायचा म्हणून एका कोपऱ्यात फोमचे चार थर, त्यावर पुट्टी, त्यावर पीओपीच्या शिळा, आणि समोरच्या कोपऱ्यात नुसतं गवत. एका कर्णावर ताठपणा, दुसऱ्यावर काहीच नाही. पीळ कागदाने किंवा रंगाने निघत नाही, त्याला खाली चौकटच लागते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा

या सगळ्या कामातलं सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे पाच किलोपर्यंत मोजणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा. एमडीएफ किती सुकलंय हे हात लावून कळत नाही, वजनाने कळतं. दोन बाय दोन फुटांच्या ६ मिमी एमडीएफचं वजन साधारण १ किलो ६५० ग्रॅम भरतं. त्यात चार टक्के जास्त ओल आली तर वजन ६५ ग्रॅमने वाढतं. म्हणजे काट्यावर ते स्पष्ट दिसतं.

बोर्ड मोठा असल्यामुळे काट्याचा पडदा झाकला जातो. काट्यावर एक उलटी वाटी ठेवा, शून्य करा आणि बोर्ड वाटीवर तोला. रोज एकाच वेळी वजन घ्या आणि मागच्या बाजूवर लिहा. लागोपाठ दोन दिवस फरक पाच ग्रॅमच्या आत आला, तरच बोर्ड सुकला असं समजायचं. वरून कोरडा दिसणारा बोर्ड आणखी चार-पाच दिवस रोज दहा-पंधरा ग्रॅम सोडत राहतो, आणि घाईने लावलेलं वार्निश नेमकं तेच पाणी आत कोंडून ठेवतं.

वाकलेला बोर्ड सरळ करणं

मागची बाजू ओल पीत असेल तर पहिलं काम सुकवण्याचं. भर पावसाळ्यात पंखा दमट हवाच फिरवतो, त्यामुळे वजन एका जागी अडकतं. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर खोली बंद ठेवून बोर्ड दोन दिवस उभा करा, मागची बाजू मोकळ्या हवेकडे. कडक उन्हात ठेवू नका. ऊन एकाच बाजूला लागतं, आणि एक्सपीएस (टेकड्यांसाठी वापरतात तो दाट, थर्माकोलसारखा) फोम ७५-८० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. काळ्या रंगाचा बोर्ड मेच्या उन्हात किंवा बंद गाडीत चांगलाच तापतो. हीट गन आणि इस्त्री याच कारणासाठी वर्ज्य.

सुकवायची सोय नसेल तर दसऱ्यापर्यंत थांबा. ओला बोर्ड सील करणं ही या दुरुस्तीतली सर्वांत महागडी चूक आहे, कारण आतलं पाणी पुढे फोमच्या बाजूने वाट शोधतं आणि फोम एमडीएफपासून सुटतो. वजन स्थिर झालं की मागच्या बाजूला आणि चारही कडांना सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या. इथे एक खबरदारी घ्या. लाकडाच्या सँडिंग सीलरमध्ये थिनर असतो आणि थिनर फोम वितळवतो. बोर्डाला फोम आधीच चिकटलेला असेल तर कडेवरून ओघळलेला एक थेंबही खड्डा पाडतो. अशा वेळी पाण्यात मिसळणारा वूड प्रायमर किंवा चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून वापरा. स्पिरिटने फोमला काही होत नाही.

वरचा थर आकसून ओढत असेल तर मागूनही तेवढंच ओढणारं काहीतरी द्यावं लागतं. त्यासाठी साधा ब्राऊन पेपर पुरतो. मागची बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून पुसा. कागद बोर्डापेक्षा चहूबाजूंनी ५ मिमी लहान कापा आणि पाच मिनिटं पाण्यात भिजवा, म्हणजे तो आधीच पसरतो. तीन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी असं मिश्रण मागच्या बाजूला रोलरने पातळ लावा, निथळलेला कागद बसवा आणि मधून कडांकडे हात फिरवत हवा काढा. आता बोर्ड उपडा ठेवायचा आहे, पण झाडं-टेकड्या मोडायच्या नाहीत. समोरासमोरच्या दोन कडांखाली विटा रचा, विटांवर दुमडलेला टॉवेल, त्यावर बोर्डाच्या सपाट कडा. मध्यभागी मागच्या बाजूवर प्लास्टिक अंथरून तीन-चार किलो वजन ठेवा. पट्टी लावून बघा, बोर्ड उलट्या दिशेला दोन-तीन मिमी वाकलेला हवा.

पहिले काही तास वाकणं वाढलंय असं वाटेल, कारण मागची बाजू ओली होऊन लांबते. कागद सुकताना आकसतो तेव्हा खरा परिणाम सुरू होतो. ४८ तासांनी वजन काढा, बोर्ड उभा करून आणखी दोन दिवस सुकू द्या आणि मग पट्टी लावा. ५-६ मिमीची वाटी एका कागदात बहुतेक निघते. उरली तर दुसरा कागद, पण पहिला पूर्ण सुकल्यावरच. शेवटी कागदावरून सीलरचा हात द्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पावसात कागदच ओल पिईल.

पीळ असेल, किंवा वाटी दहा मिमीच्या वर गेली असेल, तर १९ मिमीच्या चौकोनी अ‍ॅल्युमिनियम पाइपची चौकट करा. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानांत पाइप आणि कोपऱ्याचे जोड मिळतात. दोन बाय दोनच्या बोर्डाला मधल्या आडव्या पट्टीसह साधारण दहा फूट पाइप लागतो. ६ मिमी एमडीएफमध्ये खालून मारलेला स्क्रू धरत नाही, आटे लगेच फाटतात. त्याऐवजी वरून, फोममध्ये अंगठ्याएवढा खड्डा करून ४ मिमीचा बोल्ट वॉशरसह घाला आणि खाली पाइपला नट आवळा. कडेने दर सहा इंचांवर एक. मधल्या बोल्टचं भोक घट्ट ठेवा, बाकीची भोकं पाइपमध्ये ६ मिमीची पाडा. एमडीएफ ऋतूप्रमाणे मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकणारच, त्याला सरकायला जागा नसली की तो बोल्टच्या मध्ये फुगतो. नट एकदम आवळू नका. रोज अर्धा फेरा, तीन-चार दिवसांत बोर्ड पाइपला टेकला पाहिजे. एका दमात ओढला तर फोममधला जोड तडकल्याचा आवाज येतो. मोठ्या कड्यामुळे पीळ आला असेल तर चौकट लावण्याआधी कड्याचा फोम आतून कोरून पोकळ करा. एक इंच जाडीची भिंत पुरते.

नवीन बोर्ड करताना

एमडीएफच्या ८ बाय ४ फुटांच्या पत्र्यातून दोन बाय दोनचे आठ तुकडे निघतात, पण करवतीची पात प्रत्येक कापाला साधारण ३ मिमी खाते. त्यामुळे २४ इंची तुकडा मिळत नाही, ६०८ मिमीच्या आसपास मिळतो. सगळे तुकडे एकाच मशीनवर, एकाच मापावर कापून घ्या म्हणजे निदान आपसात जुळतील. खेळाच्या एक इंची चौकटी मधोमध धरून आखा आणि तूट चारही कडांत वाटून टाका. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात नकाशावरचा एक इंच म्हणजे पाच फूट, कडेच्या चौकटीत मिलिमीटर कमी पडला तर खेळाला फरक पडत नाही, एकाच कडेला दोन मिमी कमी पडले तर जोडावर दिसतं.

एमडीएफ १२ मिमी घ्या. वजन नको असेल तर ६ मिमी चालेल, पण मग चौकट पहिल्या दिवसापासून. एचडीएचएमआर (एमडीएफसारखाच, पण जास्त दाट आणि ओल सोसणारा) बोर्ड ओल कमी पितो, थोडा महाग आणि जड. प्लायवूड घ्यायचंच असेल तर आयएस ७१० प्रतीचं, म्हणजे पाणी सोसणारं मरीन प्लाय घ्या आणि दुकानातच एका डोळ्याने कडेवरून बघून पिळलेला तुकडा परत करा. सनबोर्ड (पीव्हीसी फोमचा पत्रा) ओल पीत नाही हे खरं, पण उष्णतेने आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू लोंबतो, तेव्हा मोठ्या बोर्डाचा पाया म्हणून तो नको. झोपड्या, भिंती, पूल यांना उत्तम.

क्रम महत्त्वाचा आहे. फोम चिकटवण्याआधी एमडीएफच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यायचे. सँडिंग सीलरचे दोन हात, मध्ये दोन तास, आणि २२० च्या पॉलिश पेपरने हलका हात. एका बोर्डाला दोन्ही बाजू मिळून साधारण २०० मिली लागतो. कडांना तिसरा हात द्या, एमडीएफची कापलेली कड म्हणजे स्पंजच. थिनरचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, फोम जवळ आणू नका.

आता एक अडचण येते, जी बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही. फेव्हिकॉल पाणी उडून सुकतो. खाली सील केलेलं एमडीएफ आणि वर एक्सपीएस, दोघंही पाणी सोडत नाहीत. मग मध्ये कोंडलेला फेव्हिकॉल आठवडाभर दहीच राहतो आणि बोर्ड उचलला की फोम घसरतो. त्यासाठी एमडीएफला दर चार इंचांवर ३ मिमीचं आरपार भोक पाडा. फेव्हिकॉल ६०-७० ग्रॅमच घ्या, दातेरी पट्टीने रेघांत पसरा, दहा मिनिटं उघडा ठेवा आणि मग फोम बसवा. २४ तास सगळीकडे सारखं वजन. नंतर बोर्ड खालून हवा लागेल असा तीन पट्ट्यांवर ठेवा आणि काट्यावर रोज वजन घ्या. वजन स्थिर झालं की भोकं पुट्टीने बुजवून मागे सीलरचा शेवटचा हात. फेव्हिबॉण्डसारखे रबरी सोल्युशन आणि फेव्हिक्विक इथे वापरू नका, फोम खातात.

एक्सपीएसच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कातडं असतं. रंग धरावा म्हणून एकाच बाजूचं कातडं तासलं तर पत्रा त्याच रात्री कमान होतो. तासायचं तर दोन्ही बाजूंनी.

जमिनीचा थर हा पाण्याचा सर्वांत मोठा स्रोत. कोरडी वाळू भुरभुरून वरून एकास तीन पातळ केलेला फेव्हिकॉल ओतायची पद्धत सगळीकडे चालते. पाव लीटर ओतला तर त्यात दोनशे मिलीहून जास्त नुसतं पाणी, आणि ते फक्त वरूनच निघणार. त्यापेक्षा लेप करा: दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग तपकिरी अ‍ॅक्रेलिक रंग, चार भाग चाळलेली रेती. पाणी जवळजवळ नाहीच, फार घट्ट वाटलं तर एक चमचा. चमच्याच्या पाठीने दोन मिमी जाड पसरा आणि वरून कोरडी रेती दाबा. बारीक भुकटीला पातळ फेव्हिकॉल लागलाच तर ड्रॉपरने, एका दिवशी बोर्डाचा चौथा भाग. आधी सर्जिकल स्पिरिटचा फवारा मारला की तो कमी प्रमाणातही आत उतरतो.

शेतातली काळी माती मात्र नको. रंग सुरेख दिसतो म्हणून मोह होतो, पण माळव्याची काळी माती पाणी लागलं की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. लेपात ती मिसळली की बोर्डावर त्याच भेगा छोट्या मापात येतात आणि वरचा थर पापुद्र्यांनी उचलतो. लालसर मुरूम चाळून, तव्यावर वीस मिनिटं कोरडा भाजून वापरा. चहाचा चोथा गवतासाठी वापरणाऱ्यांनीही तो तसाच भाजावा, नाहीतर श्रावणात बुरशी धरते.

ठेवायचं कुठे

भिंतीला तिरका टेकवून नाही. तिरका बोर्ड महिनाभरात त्याच वळणात बसतो. एकतर पूर्ण उभा, दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या खाचेत, किंवा आडवा, तीन समान उंचीच्या पट्ट्यांवर, दोन बोर्डांत हाताची चार बोटं जातील एवढी जागा सोडून. पत्र्याखालचा माळा आणि बाहेरच्या ओलसर भिंतीची बाजू टाळा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये, बोर्ड सगळ्यांत कोरडा असताना. ऑगस्टमध्ये गुंडाळलेला बोर्ड ओलीसकट बंद होतो.

एक स्थिती मात्र दुरुस्त होत नाही. कड फुगून पुस्तकाच्या पानांसारखी उलगडली असेल, तर एमडीएफचे तंतू सुटलेले असतात आणि सुकवल्यावरही ते परत बसत नाहीत. तेवढी पट्टी कापून तिथे तशीच जाड लाकडी पट्टी चिकटवता येते. पण दोनपेक्षा जास्त कडा फुगल्या असतील तर गरम तारेने फोम एमडीएफपासून सोडवा, पाया टाकून द्या आणि वरचा देखावा दोन्ही बाजूंनी सील केलेल्या नव्या पायावर चढवा.